न केलेला दुसरा फोन

दादा,

काल तुझं कार्ड परत करायला गेले होते. त्यालाही टोकन घ्यावं लागलं. चौसष्ट नंबर. खिडकीवरच्या मुलीला म्हटलं, "पेशंट नहीं है, सिर्फ कार्ड जमा करना है." ती मान वर न करता म्हणाली, "टोकन सबको लेना है, आंटी." मग तुमच्या त्या माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमधल्या लोखंडी बाकावर जाऊन बसले. शेजारी एक वयस्कर सरदारजी होते, मांडीवर एक्स-रेचं पाकीट. "किसको दिखाना है?" त्यांनी विचारलं. "किसी को नहीं," म्हटलं. त्यांनी आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे केली.

अडीच तासांनी नंबर आला. त्या मुलीने कात्रीने कार्डाचा कोपरा कापला, रजिस्टरमध्ये माझी सही घेतली. एक मिनिट लागलं. ज्या जागी तुझं एकही काम वेळेवर झालं नाही, तिथे हे एवढं झटक्यात झालं. बाहेर येऊन ऑटोत बसले आणि ऑटोवाल्याने कुठे जायचं विचारलं तेव्हा मला पत्ताच सांगता येईना.

वहिनीला हे सांगितलेलं नाही. तुलाच सांगतेय.

चार महिने झाले. पुण्यानुमोदनाला इतकी माणसं आली की भन्तेजींना आवाज चढवून बोलावं लागलं. तुझ्या युनिटचे लोक होते, सोसायटीतले होते, बाबांच्या ऑफिसातले दोन थकलेले काकाही काठी टेकत आले होते. सगळे सुभेदार साहेबांबद्दल बोलत होते. मला त्यातला तू ओळखूच येत नव्हतास. मला आठवत होता तो आठवीतला यशवंत. मला पहिलीत घातलं तेव्हा पहाडगंजच्या मराठी शाळेत मला घेऊन जाणारा. तू माझा हात धरायचा नाहीस, मनगट धरायचास. "हात सुटतो," म्हणायचास. स्टेशनच्या बाजूने हातगाड्या, टांगे, ओझेवाले, आणि त्यातून मनगट ओढत नेणारा तू. माझी बांगडी रुतायची, पण मी बोलायची नाही.

नागपूरहून दिल्लीला क्लार्क म्हणून आलेल्या बाबांची इच्छा होती, तू टायपिंग शिकावंस आणि त्यांच्याच खात्यात चिकटावंस. तू भरती होऊन आलास आणि मग सांगितलंस. बाबा आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत आणि स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा सगळ्यांत जास्त तेच रडले. तुझ्या पहिल्या पोस्टिंगला मी पत्र लिहिलं होतं, 'दादा, तुझी खूप याद येते.' तू ते पत्र तसंच परत पाठवलंस. 'याद'खाली लाल रेघ, शेजारी 'आठवण', आणि खाली, 'मलाही येते.' बास. दिल्लीत वाढून माझं मराठी जे काही टिकलं, ते तुझ्या लाल रेघांनी. हे लिहितानाही वाटतंय, तू कुठेतरी पेन घेऊन बसला असशील.

तुला दम लागतो हे मला पहिल्यांदा कळलं ते पानिपतला. गेल्या जानेवारीत इथल्या मराठी मंडळींबरोबर आपण काला अंबला गेलो होतो. सगळे स्तंभापाशी फुलं वाहत होते आणि तू मागेच एका बाकावर बसलास. मला वाटलं, थंडी. जवळ आले तर तुझे ओठ जरा निळसर दिसले. "काय झालं?" म्हटलं, तर विषय बदललास. "हे सगळे लढाईबद्दल बोलतात," म्हणालास. "त्याआधी ही माणसं किती दिवस रसदीची वाट बघत बसली होती, ते कुणी बोलत नाही. उपाशी माणूस काय लढणार?" मी म्हटलं, "दादा, डॉक्टरकडे कधी जातोस?" तू म्हणालास, "चल, चहा घेऊ."

वहिनीच्याही ते लक्षात आलं होतं. दुसऱ्या मजल्यावर चढताना तू मधल्या जिन्यात थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्या बघतोस, हे तिने मला सांगितलं. "यांना कधी झाडांचं वेड नव्हतं गं," म्हणाली. शेवटी तिनेच तुला पॉलिक्लिनिकला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईने तुझ्या छातीला बराच वेळ स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि हृदयाच्या आवाजात काहीतरी गडबड आहे म्हणून सांगितलं. इको करायला तुम्हाला मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथे तारीख मिळाली, अकरा आठवड्यांनंतरची.

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये तू मला हे सांगितलंस. महिन्यातून एकदा तिथे थालीपीठ खायचं, हा आपला नेम. त्या दिवशी आपण जे भांडलो, ते अजून संपलेलं नाही.

"अकरा आठवडे?" मी म्हटलं. "काय बोलतोयस तू? बाहेर करून घेऊ. उद्याच."

"बाहेरचा रिपोर्ट ते धरत नाहीत. परत तिथेच करावा लागतो."

"मग दोनदा कर."

"आणि मी का बाहेर जाऊ, नंदे? मी कुणाकडे काही मागत नाहीये. भरतीच्या वेळी सांगितलं होतं, तुम्ही देशाचं बघा, आम्ही तुमचं बघू. मी माझं केलं."

"ठीक आहे. मग मी एक फोन करते."

तू थालीपीठाचा तुकडा तसाच खाली ठेवलास. "कुणाला?"

"आहे एक मैत्रीण. बऱ्या खुर्चीवर आहे. तिचा एक शब्द पुरे."

"आणि माझी तारीख अलीकडे आली तर कुणाची तरी पलीकडे जाईल ना?"

"ते तू कशाला बघतोस?"

"मग कोण बघणार?" तू म्हणालास. आणि मग माझ्या नोकरीवर घसरलास. मी सेक्शन ऑफिसर. आमच्या खात्याकडे येणाऱ्या लोकांच्या तक्रारी माझ्या टेबलावरून जातात. उत्तर पाठवलं की तक्रार निकाली निघाली असं धरतात. तू विचारलंस, "निकाली म्हणजे त्या माणसाचं काम होतं?"

"काम होतं असं नाही. उत्तर जातं."

"काय उत्तर?"

"नियमानुसार कार्यवाही सुरू आहे."

"म्हणजे तक्रारीचा निकाल नाही लागत," तू म्हणालास, "माणसाचा लागतो." आणि हसलास. मी हसले नाही. मला राग आला होता. तू उभं आयुष्य सीमेवर घालवलंस, तुला काय कळणार टेबलावर बसून काय काय शक्य नसतं ते, असं काहीतरी मी बोलले. तू उरलेलं थालीपीठ खाल्लं नाहीस. ते पानात तसंच राहिलं.

चार दिवसांनी मी फोन केला. ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये, खिडकीशी उभी राहून. मैत्रीण म्हणाली, "बस, इतना सा काम? यार, तू पहले बोलती." तुझी तारीख नऊ आठवडे अलीकडे आली. तू मला कळवलंस ते अगदी साध्या आवाजात, "नंदे, कुणाची तरी तारीख रद्द झाली वाटतं, मला पुढच्या सोमवारी बोलावलंय." मी म्हटलं, "अरे वा." खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो, हे तुला लहानपणापासून माहीत होतं. तेव्हा तो झाला होता की नाही, कुणास ठाऊक.

इको झाल्यावर तू बाहेरूनच मला फोन केलास. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. रक्त पुढे जायला जागाच राहिली नव्हती. ऑपरेशन करावं लागणार होतं. हे सगळं सांगून झाल्यावर तू म्हणालास, "पण बघ, लाईनीत राहिलं की नंबर येतो." आणि मग, जाता जाता सांगावं तसं, "एक हवालदार भेटला, ओमवीर सिंग नावाचा. लेकीला घेऊन दोन बस बदलून आला होता. त्याची आजची तारीख होती. इथे आल्यावर कळलं, पुढे ढकललीय. दोघं मिळून चहा घेतला."

त्याचीच तारीख मी घेतली, असं नाही म्हणता येणार. पण कुणाची तरी घेतलीच होती, आणि आता त्या कुणाला तरी नाव मिळालं होतं, लेक मिळाली होती.

त्यानंतर जे झालं ते मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की पाठ झालंय. पॉलिक्लिनिकने ऑपरेशनसाठी एका खाजगी हॉस्पिटलच्या नावे कागद दिला. त्या कागदाला मुदत होती. हॉस्पिटलने तारीख दिली ती मुदत संपल्यानंतरची. मग कागद नवा करून घ्यायला हवा होता. त्यावर पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरची सही लागते. त्या डॉक्टरीणबाईंचं कंत्राट तोवर संपलं होतं आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. दुसरीकडचे एक डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. एका सहीसाठी तू तीनदा गेलास, मे महिन्याच्या उन्हात. पहिल्यांदा ते आलेच नाहीत. दुसऱ्यांदा कॉम्प्युटर बंद होता. तिसऱ्यांदा ते एक वाजता उठले आणि तुझ्या पुढे अजून दोन माणसं होती.

मंगळवारच्या त्या दुसऱ्या खेपेनंतर मी तुला म्हटलं होतं, "दादा, सरळ इमर्जन्सीत जा." तू म्हणालास, "इमर्जन्सी स्ट्रेचरवर येणाऱ्यांसाठी असते. मी चालत जातोय ना?"

त्याच संध्याकाळी मी फोन हातात घेतला होता. मैत्रिणीचं नाव स्क्रीनवर होतं. फक्त बोट टेकायचं होतं. आणि मला तुझं ते वाक्य आठवलं, लाईनीत राहिलं की नंबर येतो. तू किती खूश होतास ते म्हणताना, असं मला वाटत होतं. तुझा तो विश्वास माझ्या एका खोट्यावर उभा आहे, आता त्यावर दुसरं खोटं नको, असं वाटलं. आणि खरं सांगू? वाटलं, एक सही तर आहे, शुक्रवारी होऊन जाईल. मी फोन खाली ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

शुक्रवारी दुपारी तुम्ही घरी आलात. वहिनी पाणी आणायला आत गेली. तू बूट काढायला खुर्चीत बसलास. एक बूट काढलास.

त्या वेळी मी मीटिंगमध्ये होते. प्रत्येक सेक्शनकडे किती तक्रारी पडून आहेत, याची मीटिंग. माझ्याकडे एकही शिल्लक नव्हती. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "इनसे सीखिए." आणि मांडीवरच्या पर्समध्ये माझा फोन थरथरत होता, एकदा, दोनदा, तीनदा.

बारा दिवसांनी ओमवीर सिंग घरी आले. पांढरा फेटा, हातात काठी, बरोबर लेक. तुझ्या फोटोला सॅल्यूट केला आणि बराच वेळ हात खाली घेतलाच नाही. वहिनी चहा करायला गेली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाईसाहब, आपसे एक बात कहनी है. उस दिन आपकी तारीख शायद मेरी वजह से आगे गई थी. मैंने फोन करवाया था."

ते जराही दचकले नाहीत. "मालूम है, बहनजी," म्हणाले. "सूबेदार साहब ने उसी दिन बता दिया था. काउंटर वाले ने उनसे कहा था, आपका तो ऊपर से फोन आया है. साहब बाहर आकर मेरे पास बैठे, चाय मँगवाई, और हाथ जोड़ दिए. मैंने कहा, साहब, आप क्यों हाथ जोड़ते हो? बोले, छोटी बहन है मेरी, डर गई है. उसकी तरफ से जोड़ रहा हूँ."

दादा, म्हणजे तुला माहीत होतं. चहा पिऊन झाल्यावर तू मला फोन केलास, सगळं माहीत असताना, आणि म्हणालास, बघ, लाईनीत राहिलं की नंबर येतो. का म्हणालास तसं? टोमणा मारलास? की मला सांभाळून घेत होतास, मला वाटू दे की दादाला काही कळलं नाही म्हणून? मी रोज ते वाक्य निरनिराळ्या आवाजांत आठवून बघते. कधी तू रागावलेला वाटतोस, कधी हसत असलेला. विचारायला आता कुणी नाही. आणि याच वाक्यामुळे मी दुसरा फोन केला नाही.

ओमवीरजींना विचारलं, तुमचं इको झालं का. झालं होतं. औषधांवर भागतंय, ऑपरेशन नको. हे ऐकून मी त्यांच्या लेकीचा हात धरला. ती बिचारी गोंधळली.

मग मी तक्रार केली. जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी वाचल्या, ही पहिली लिहिली. तीन आठवड्यांत उत्तर आलं, 'रुग्णाचे निधन झाले असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.' मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि भिंतीला टेकले. असलं वाक्य लिहायला फार तर अर्धं मिनिट लागतं, हे मला माहीत आहे. मी लिहिलेली आहेत.

अपील केलं. बोलावणं आलं. एक कर्नल होते, सभ्य, माझ्यापेक्षा वयाने लहान. समोर तुझी फाईल. त्यांनी एकेक कागद उलटून दाखवला. इथे रेफर केलं, इथे तारीख दिली, इथे डॉक्टरची जागा रिकामी झाली, त्याच दिवशी वर कळवलं. "मैडम, सबने अपना काम किया है," ते म्हणाले. ते खरंच होतं, हेच तर भयंकर होतं.

मी म्हटलं, "सबने अपना काम किया, तो मेरे भाई को रोका किसने?"

बाजूचा क्लार्क लिहायचा थांबला. मग मी म्हटलं, "एक बात और लिखिए. एक बार मैंने भी फोन करवाकर भाई की तारीख पहले करवाई थी. किसी और का नंबर काटकर."

कर्नल म्हणाले, "मैडम, यह रिकॉर्ड में मत डलवाइए. आपकी नौकरी अभी बाकी है."

"डालिए," मी म्हटलं. "किसी से पूछने आई हूँ, तो पहले अपना बता दूँ." तुला वाटेल मोठी शूर. तशी नव्हते.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. इंग्रजीत, चार ओळींचं. वैद्यकीय अधिकारी उपलब्ध नसल्यामुळे कागदाचं नूतनीकरण झालं नाही, या विलंबाची जबाबदारी आमच्या कार्यालयाची आहे, आम्हाला खेद आहे. कुणाला शिक्षा नाही, कुणाचं नाव नाही. पण 'आमच्या' हा शब्द आहे. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी तो कुठल्याही उत्तरात लिहिला नव्हता.

वहिनीला मराठीत करून वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे यांची चूक नव्हती ना गं? हे शेवटपर्यंत म्हणत होते, माझाच कुठलातरी कागद द्यायचा राहिला असेल."

हे मला माहीत नव्हतं. तू स्वतःलाच दोष देत होतास, हे तू मला कधी बोलला नाहीस. रिक्षातून घरी येतानाही तू फाईल उघडून कागद परत परत बघत होतास, असं वहिनी म्हणाली. झेरॉक्स बरोबर आहे ना, फोटो नीट चिकटलाय ना. दादा, तुझा एकही कागद कमी नव्हता. मी सगळे तपासलेत. माझं कामच आहे ते.

आता माझ्या टेबलावर एखादी तक्रार आली की मी आधी त्या माणसाला फोन लावते. साहेब वैतागलेत, माझी पेंडिंग वाढलीय. ते जाऊ दे. त्याबद्दल तू शाबासकी दिली असतीस, पण मला ती आता नको.

सगळे मला सांगतात, तुमचे भाऊ तत्त्वाचे होते, त्यांच्यासारखी माणसं राहिली नाहीत. मी मान हलवते. तुझं बरोबर होतं, दादा. लाईन मोडायची नाही, हे तुझं अगदी बरोबर होतं. ओमवीरजींच्या लेकीकडे बघितल्यावर तर माझ्याकडे बोलायला काही राहतच नाही. पण आपलं भांडण अजून चालू आहे, म्हणून माझंही सांगून ठेवते. पुन्हा तसा मंगळवार आला, फोन हातात असला, आणि तुझं ते वाक्य आठवलं, तरी मी बोट टेकवीन. तुला कळलं असतं. तू रागावला असतास, कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून चकार शब्द बोलला नसतास, थालीपीठ तसंच टाकून उठला असतास, महिना महिना माझा फोन उचलला नसतास.

पण असतास.

तुझी
नंदा